दम्याची ओळ

अर्ज लिहून घ्यावा तर अर्जबाईकडूनच, हे कचेरीच्या आवारातलं शेंबडं पोरही सांगेल. पत्र्याच्या शेडखाली ओळीने नऊ टेबलं, त्यातलं चौथं तिचं. टेबलावर कॉम्प्युटर, जुन्या टॉवेलखाली झाकलेला प्रिंटर, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं एक बिनकिल्लीचं कुलूप. खुर्चीवर तिचाच विटका स्वेटर घडी करून ठेवलेला, कारण खुर्ची लोखंडी आणि बाईच्या कमरेची एकतीस वर्षं त्याच खुर्चीत गेलेली. डाव्या हाताला तिकीटकाका बसायचे. ते तिकिटं आणि मुद्रांक विकायचे आणि सल्ले फुकट द्यायचे. फुकट सल्ल्याला गिऱ्हाईक जास्त होतं.

तोंडाने ही बाई वाघीण. रांगेत कुणी मध्ये घुसला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून त्याला शेवटी नेऊन उभा करायची. पण बोटं कळफलकावर पडली की हीच बाई गरीब गाय. "सविनय विनंती", "आपण मायबाप", "अर्जदार सर्व बाजूंनी हतबल", "आपल्या उपकारातून या जन्मी उतराई होणे नाही". वाचणाऱ्याच्या घशात आवंढा आलाच पाहिजे, असा तिचा हिशेब.

"अर्जात माणूस लहान दिसला पाहिजे," ती सांगायची. "म्हणजे खिडकीतला साहेब आपोआप मोठा होतो. आणि मोठा झालेला साहेब सही करतो."

एका म्हाताऱ्याला गल्लीच्या तोंडाशी दिवा हवा होता. सहा वर्षं बिचारा "दिवा द्यावा" एवढंच लिहीत होता. कोण देतो? अर्जबाईने त्याच्या अर्जात त्याच्या बायकोला घातलं, बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घातले आणि वर तिचा पायही मोडला. आठव्या दिवशी दिवा लागला. तो बघायला सगळ्यांच्या आधी जिना उतरून कोण धावत आली असेल, तर तीच बायको! तिकीटकाका पोट धरून हसले. अर्जबाई म्हणाली, "हसताय काय? याला खोटं नाही म्हणत, मीठ म्हणतात. बिनमिठाचा अर्ज कुणाच्या घशाखाली उतरतो?"

आता हे मीठ एक दिवस तिच्याच घरात कसं सांडलं, ते ऐका.

घरात दोनच माणसं, ती आणि तिची भाची. भाचीला सगळे काडी म्हणायचे. उंच, किडकिडीत, आणि डोकं असं की जरा घासलं की पेटलंच. तीन वर्षांची असताना तिच्या बापाने, म्हणजे अर्जबाईच्या धाकट्या भावाने, तिला बहिणीकडे आणून सोडलं. "दोन महिने सांभाळ," म्हणाला. पुढे त्याने परगावी दुसरा संसार थाटला, आणि ते दोन महिने काही संपले नाहीत. आठवण आली की फोन करीन म्हणाला होता. फोन येत नव्हता, यावरून काय ते समजावं. अर्जबाईने स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मुलगी झाली, आता नवरा कशाला हवा?"

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी काडीने जेवता जेवता जाहीर केलं, "आत्या, मी सैनिकी अकादमीत जाणार."

अर्जबाईने घास खाली ठेवला. "आणि तिथे काय करणार?"

"अधिकारी होणार."

"माझ्यावर अधिकार गाजवून पोट भरलं नाही वाटतं?" ती म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिने भांडी तीनतीनदा विसळली. मनातून घाबरली होती आणि मनातून हुरळलीही होती. आपल्या घरातलं माणूस खिडकीच्या आतल्या बाजूला बसेल, हा विचारच तिने कधी केला नव्हता.

शाळेच्या मोठ्या बाईंनी मात्र तोंड वाकडं केलं. दोघींना समोर बसवलं आणि टेबलावर दुसऱ्या मुलांच्या फायली मांडल्या. एकीत घोडेस्वारीचं प्रशस्तिपत्र, एकीत परदेशातल्या शिबिराचे फोटो, एकीत कप घेऊन उभं असलेलं गोंडस पोर. "हे बघा, अशी फाईल लागते," मोठ्या बाई म्हणाल्या. "शिफारसपत्रं, खेळ, नेतृत्व, आणि स्वतःबद्दल दोन पानं. हिच्याकडे गणिताचे मार्क सोडले तर आहे काय? अर्ज जरा भक्कम करा, नाहीतर वेळ वाया घालवू नका. आणि अंगकाठी बघा हो तिची. तिथे काय टिकणार ही?"

काडी लालबुंद झाली. तिने तोंड उघडायच्या आत अर्जबाई उठली. "काडीच आहे ती," ती म्हणाली, "पण तुमच्या त्या गोंडस पोरांसारखी ओली नाही. अर्ज भक्कम करायचं माझ्यावर सोडा. दगडाला पाझर फोडलेत मी एकतीस वर्षं."

तिथेच घोड्याने पेंड खाल्ली, पण ते तेव्हा कुणाला कळणार?

काडीकडे काय होतं, ते मोठ्या बाईंना ठाऊक नव्हतं आणि, खोटं कशाला बोलू, आत्यालाही अर्धंच ठाऊक होतं. घराच्या मागे गाड्या लावायची सात मजली इमारत होती. तिथे रोज सकाळी साडेपाचला काडी जिने चढायची. पाठीवर पोतं, पोत्यात आत्याचा जुना टाइपरायटर. कॉम्प्युटर आल्यापासून तो पलंगाखाली धूळ खात पडला होता. पंधरा किलोचं लोखंड! तळापासून गच्चीपर्यंत आणि परत, अकरा वेळा. इमारतीचा राखणदार शिट्टीमामा खाली खुर्ची टाकून बसायचा, तिची प्रत्येक फेरी संपली की शिट्टी मारायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या वहीत मागच्या पानांवर रेघ ओढायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. "पोरगी वेडी आहे," तो सगळ्यांना सांगायचा, पण ती यायच्या आधी जिन्यावरचा दिवा लावून ठेवायचा.

अर्जासाठी काडीने दोन गोष्टी आणून आत्याच्या हातात दिल्या. एक म्हणजे स्वतःबद्दल लिहिलेलं पाऊण पान. दुसरी शिट्टीमामाची वही, त्याच्या सहीच्या चिठ्ठीसकट.

अर्जबाईने पाऊण पान वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मी रोज सात मजले अकरा वेळा चढते. सुरुवातीला दोन वेळा जमायचं. मला गणित आवडतं. मला हुकूम ऐकायला आवडत नाही, पण हुकूम का दिला हे समजलं तर मी तो मोडत नाही. मला भीती वाटते तेव्हा मी मोजायला लागते." असं सगळं. एक विशेषण नाही, एक उसासा नाही. "अगं, हा अर्ज आहे की वाण्याची यादी? आणि पार्किंगच्या राखणदाराचं पत्र? उद्या म्हणशील भंगारवाल्याचं लावू!"

"खरं आहे ते," काडी म्हणाली.

"खरं असून चालत नाही, खरं वाटावं लागतं. तू सहीचं पान दे इकडे, शेवटची तारीख परवा आहे. बाकीचं मी नीट टाइप करून लावते."

काडीने शेवटच्या पानावर सही केली आणि गणिताच्या शिकवणीला पळाली. आत्याने आजवर हजारो लोकांची कामं करून दिली होती. तिचं लिहिलेलं काय तपासायचं?

दुसऱ्या दिवशी शेडखाली बसून अर्जबाईने काडीचं पाऊण पान आणि राखणदाराची वही पिशवीत टाकली, आणि अर्जाचं तिसरं पान, स्वतःबद्दलचं, नव्याने लिहिलं. आयुष्यातलं सगळं कसब त्यात ओतलं. मायेला पारखी झालेली पोर आली, आत्याची दुखरी कंबर आली, पत्र्याचं शेड आलं. पण काहीतरी कमी पडत होतं. बाई थांबली. मग तिला हवं ते सापडलं आणि बोटं चालली. "लहानपणापासून दम्याच्या जीवघेण्या आजाराशी एकाकी झुंज देत, प्रत्येक श्वासासाठी तडफडतही या मुलीने आपल्या चरणी येण्याचे स्वप्न सोडलेले नाही."

तिने ते तिकीटकाकांना वाचून दाखवलं. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "झालं काम," काका म्हणाले.

झालं काम! खरंच झालं.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. काडीने दारातच फोडलं, उभ्याउभ्या वाचलं, परत वाचलं. अर्जबाई आतून ओरडली, "काय गं, बोलावलं ना?" बाहेर येऊन बघते तर पोरीचा चेहरा पांढराफटक.

पत्रात चार ओळी होत्या. अर्जदाराने दम्याचा दीर्घ आजार नमूद केला आहे. नियमानुसार असा अर्जदार प्रवेशास अपात्र ठरतो. काही म्हणणे असल्यास बारा दिवसांत पुराव्यासह मांडावे. खोटी माहिती दिल्याचे आढळल्यास अर्जदाराला कायमचे बाद करण्यात येईल.

"मला दमा कधी झाला?" काडीने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

अर्जबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आजारी म्हटलं की साहेब विरघळतो, हे तिला एकतीस वर्षं माहीत होतं. पण ज्यांना धडधाकट माणूसच हवा आहे, त्यांच्यापुढे आजार मांडला की काय होईल, हा साधा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय! "अगं, चार वर्षांची असताना तुला डांग्या खोकला झाला होता," ती चाचरत म्हणाली. "दीड महिना. तेच जरा..."

"जरा?" मग काडी पेटली. "तिसरं पान दाखव मला. आत्ता दाखव!"

तिने ते पान वाचलं. सगळं वाचलं, "आपल्या चरणी" पर्यंत. मग ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "तू मला भिकारी केलंस, आत्या. मी तिथे मागायला चालले नव्हते, द्यायला चालले होते."

असं कुणी अर्जबाईला आजवर बोललं नव्हतं. तिला राग यायला हवा होता, आला नाही. लाज वाटली. इतकी वाटली की ती स्वयंपाकघरात गेली आणि गॅस न पेटवताच भांडं वर ठेवून उभी राहिली. पोरगी त्याच दिवशी पिशवीतली वही शिट्टीमामाला परत देऊन आली. सकाळी पोतं पाठीवर घेऊन जायची, घामाने निथळून यायची, आणि शाळेत जायची.

शेडखाली सल्ल्यांचा पाऊस पडला. तिकीटकाका म्हणाले, "अहो, सोपं आहे. आपल्या ओळखीचा डॉक्टर आहे. 'दमा होता, आता मुळापासून गेला', असं लिहून देईल. वर शिक्का. कुणाच्या बापाला कळणार?" मोठ्या बाई म्हणाल्या, "गप्प बसा आणि विसरून जा. कायमचं बाद झालं तर मुलीच्या नावाला डाग. मी आधीच सांगितलं होतं." तसं त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, पण अशा वेळी सगळ्यांनीच आधी सांगितलेलं असतं.

खरी पंचाईत अशी होती की दोन्हीकडून मरण. दमा खरा म्हटला तर पोर अपात्र. खोटा म्हटला तर खोटी माहिती दिली म्हणून पोर बाद. इकडे आड, तिकडे विहीर. डॉक्टरची चिठ्ठी मधली फळी होती, आणि अर्जबाईचा पाय तिच्यावर पडलाही होता. तिने काडीला तसं सांगितलं. काडी एवढंच म्हणाली, "म्हणजे मी जन्मभर बरी झालेली दमेकरी. प्रत्येक तपासणीला ते खोटं माझ्याबरोबर चढणार. टाइपरायटर पुरे आहे मला."

अर्जबाई एकदम उठली. "बरोबर आहे तुझं. खोटं मी लिहिलं, खरं पण मीच लिहिणार. आणि टपालाने नाही पाठवायचं, तिथे जाऊन तोंडावर सांगायचं. काय गिळतात की काय मला?"

शनिवारी काडीने शिट्टीमामाकडून वही पुन्हा मागून आणली, आणि दुपारी शेड रिकामं असताना दोघी टेबलाशी बसल्या. अर्जबाईने बोटं कळफलकावर ठेवली आणि टाइप केलं, "सविनय विनंती अर्ज ऐसा जे..."

"खोड," काडी म्हणाली.

खोडलं. "मी एक अभागी, निराधार..."

"तू निराधार? परवा तहसीलच्या शिपायाला कॉलर धरून रांगेत उभं केलंस. खोड."

"अगं, बोटंच तशी वळतात!" अर्जबाई वैतागून म्हणाली. काय सांगू, एवढ्या हजारो अर्जांत तिने कधी नुसतं 'आहे' किंवा 'नाही' लिहिलं नव्हतं. दीड तास लागला आणि सात वाक्यं झाली.

"मी या मुलीची आत्या. अर्जाचं तिसरं पान मी लिहिलं आहे. मुलीने ते वाचलेलं नव्हतं. तिला दमा नाही आणि कधीच नव्हता. चार वर्षांची असताना एकदा डांग्या खोकला झाला, तो दीड महिन्यात बरा झाला. आजारी माणसाचा अर्ज लवकर मंजूर होतो असा माझा अनुभव आहे, म्हणून मी दमा लिहिला. मुलीने स्वतः लिहिलेलं पान आणि राखणदाराची वही मी काढून टाकली होती, ती सोबत जोडली आहे."

खाली "आपली नम्र" टाकायला बोट गेलंच होतं. काडीने मनगट धरलं. नुसती सही झाली.

निवड केंद्र चार तासांवर होतं. दोघी सकाळी सातच्या बसने निघाल्या आणि अकराला पोचल्या. स्वच्छ झाडलेलं आवार, पांढऱ्या रंगाचे दगड, आणि खिडकी. खिडकी मात्र सगळीकडे सारखीच! आतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "कागद ठेवा आणि जा. उत्तर घरी येईल."

या जागी अर्जबाई एरवी हात जोडायची. आजवर प्रत्येक खिडकीशी जोडले होते. आज तिने दोन्ही हात खिडकीच्या कडेवर ठेवले. "कागद ठेवणार नाही. ज्यांनी बाद करायचं लिहिलंय त्यांच्या हातात देणार. चूक माझी आहे आणि मला ती माझ्या तोंडाने सांगायची आहे. तुमचं जेवण होईपर्यंत थांबते, संध्याकाळ होईपर्यंत थांबते. बाकडं आहे ना? पुष्कळ झालं."

बाकड्यावर दोन-अडीच तास गेले. दीड वाजता आतून बोलावणं आलं. गणवेशातली एक बाई टेबलामागे बसली होती, पन्नाशीची, केस बारीक कापलेले. केंद्राची प्रमुख. तिने सात वाक्यं वाचली, काडीचं पाऊण पान वाचलं, आणि मग वर पाहिलं. अर्जबाईकडे नाही, काडीकडे.

"सही तुझी आहे?"

"हो."

"सही करण्याआधी वाचलं होतंस?"

अर्जबाई पुढे सरसावली. "मॅडम, तिला मी वाचूच दिलं..."

"मी तिला विचारतेय."

"नाही वाचलं," काडी म्हणाली. "वाचायला हवं होतं. आत्याने लिहिलं ही तिची चूक. मी न वाचता सही केली, ती माझी. मला बाद करायचं असेल तर त्यासाठी करा. दम्यासाठी करू नका. दमा मला नाही!"

शेवटचं वाक्य जरा मोठ्यानेच निघालं. पोरीकडे बघून अर्जबाईची मान ताठ झाली. अशी पोर आपण वाढवली आणि कागदावर तिला तडफडायला लावलं, हे तिला तिथे उभ्याउभ्या पुरतं कळलं.

प्रमुख बाईने वही उघडली. गाड्यांचे नंबर, वेळा, आणि मागून रेघाच रेघा. काही दिवशी रेघांपुढे शिट्टीमामाच्या वाकड्या अक्षरात शेरे होते. ती मोठ्याने वाचू लागली. "'ताप. तरी आली. परत पाठवली.' 'परीक्षा. सहाच फेऱ्या.' 'आली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, सांगत नाही.'" पानं उलटली. ती शेवटच्या पानावर थांबली आणि आवाज थोडा खाली आला. "'आज पंधरा वेळा. रडत होती. थांब म्हटलं, थांबली नाही.'" तिने तारीख पाहिली. "हे आमचं पत्र मिळालं त्या आठवड्यातलं दिसतंय."

अर्जबाईला हे ठाऊक नव्हतं. घरात काडीच्या डोळ्यांत टिपूस दिसलं नव्हतं. तिने ओठ दाबून धरले, पण पाणी यायचं ते आलंच. आजवर इतक्यांना रडवलं, पण हे रडू तिचं स्वतःचं होतं.

"पोत्यात काय असतं?" प्रमुख बाईने विचारलं.

"माझा टाइपरायटर," अर्जबाई नाक पुसत म्हणाली. "लोखंडी. पंधरा किलो. त्याच्यावर मी बावीस वर्षं लोकांचे आजार टाइप केले."

त्या बाईच्या तोंडावर हसू आलं की नाही, सांगता येत नाही. तिने पेन उचललं आणि फाईलच्या कडेला लिहिलं, आणि लिहिलेलं दोघींना वाचून दाखवलं. 'अर्जदाराने न वाचता सही केली. विचारताच कबूल केले. आजाराचा दावा वैद्यकीय मंडळाने तपासावा. अर्ज पुढे पाठवावा.' "हा शेरा फाईलवर कायम राहील," ती काडीला म्हणाली. "जिथे जाशील तिथे कुणीतरी वाचेल. न वाचता केलेल्या सहीने आमच्याकडे माणसं मरतात."

"राहू दे," काडी म्हणाली.

बाहेर आल्यावर कारकुनाने विचारलं, "काय झालं?" अर्जबाईने त्याच्याकडे बघून मान हलवली आणि नुसतं म्हणाली, "जेवा आता निवांत."

पुढे वैद्यकीय मंडळाने काडीला पळवलं, फुंकायला लावलं, छातीवर नळ्या लावल्या. कुठेही दमा सापडला नाही. मग चार दिवसांची परीक्षा झाली, मग मुलाखत. मुलाखतीत तो शेरा वाचून पहिला प्रश्न त्याच्यावरच आला, आणि काडीने तिसऱ्या पानापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मोठ्या बाईंच्या त्या फायलींपैकी दोन परत आल्या. घोडेस्वारीवाली पुढे गेली, हेही खरं. शेडखाली अर्जबाईने नवीन रीत पाडली. अर्ज झाला की गिऱ्हाईकाला पूर्ण वाचून दाखवायचा, आणि मगच सही घ्यायची. तिकीटकाका म्हणायचे, "धंदा बसेल." धंदा बसला नाही, पण वेळ दुप्पट लागू लागला, आणि बाईची कंबर त्याबद्दल रोज कुरकुरायची.

मोठं पाकीट आलं ते शनिवारी सकाळी. प्रवेश मिळाला होता. अर्जबाईने आधी आरडाओरडा केला, मग शेजाऱ्यांच्या दारांवर थापा मारल्या, शिट्टीमामाला खिडकीतून हाक मारली. त्याने खालून अशी लांबलचक शिट्टी मारली की दोन गाड्या गोंधळून मध्येच थांबल्या.

पाकिटात तीन छापील कागद होते. काडी टेबलाशी बसली आणि पहिल्या शब्दापासून वाचू लागली. एकेक ओळ, बोट ठेवून. अर्जबाई घिरट्या घालत होती. "अगं, कर ना सही. टपाल निघेल."

"वाचतेय."

पाऊण तासाने तिने दोन कागदांवर सही केली. तिसरा आत्याकडे सरकवला. "हा तुझा आहे. पालकाची संमती."

अर्जबाईने सवयीने सरळ खालची रेघ शोधली आणि पेन टेकवलं.

"आत्या," काडी म्हणाली. "वाचल्याशिवाय नाही. मोठ्याने."

अर्जबाईने चष्मा लावला. वाचू लागली. नाव, पत्ता, नातं. मग चौथी ओळ आली. "प्रशिक्षणात किंवा पुढील सेवेत मुलीला गंभीर इजा अथवा मृत्यू..." तिथे ती थांबली. मरण हा शब्द तिने आयुष्यात किती वेळा टाइप केला होता! दुसऱ्यांचे बाप मारले होते, धडधाकट बायका अंथरुणाला खिळवल्या होत्या, आणि दुपारी डबा खाल्ला होता. हा शब्द आधीपासून छापलेला होता. तो मऊ करता येत नव्हता, पुढेमागे काही घालता येत नव्हतं, आणि त्यात साहेबाला विरघळवायची सोय नव्हती.

"नसेल जमत तर राहू दे," काडी हळूच म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला.

"गप्प बस. मला वाचू दे," अर्जबाई म्हणाली. तिने चौथी ओळ परत पहिल्यापासून घेतली आणि पूर्ण वाचली. "...मृत्यू येऊ शकतो, याची मला पूर्ण जाणीव आहे." पुढच्या ओळी वाचल्या. अगदी खाली छापणाऱ्या छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आहे जाणीव," ती म्हणाली, आणि पूर्ण नावाने सही केली.

मग तिन्ही कागद पाकिटात घातले, जिभेने कड ओली केली आणि तळहाताने दाबून पाकीट बंद केलं. काडी तिच्याकडे बघतच होती.

"बघतेस काय?" अर्जबाई ओरडली. "साडेनऊ झाले. आज पहाटे झोपून राहिलीस आणि जिने चढायला गेली नाहीस तू. मशीन उचल आणि नीघ."

काडीने पोतं पाठीवर घेतलं आणि निघाली. अर्जबाई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली आणि शिट्ट्या मोजू लागली.